सावली दादर-माटुंग्याची, सौदा सामासिक अंतराचा

दादर-माटुंग्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की वादातली पात्रं आणि त्यांचे संवाद ठरलेले असतात. एका बाजूला वारसाप्रेमी. गोल बाल्कन्या, लाकडी कठड्याचे जिने, रंगीत तावदानं यांचे फोटो काढून हळहळणारे. दुसऱ्या बाजूला तिथेच राहणारी माणसं. लिफ्ट नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरून महिनोन् महिने खाली न उतरलेल्या आजी, दर पावसाळ्यात गच्चीवर अंथरायची निळी ताडपत्री, सळ्या उघड्या पडल्यामुळे पाय ठेवायला बंदी असलेली बाल्कनी. ‘एवढा पुळका आहे तर तुम्ही या राहायला,’ असं ही माणसं म्हणतात, तेव्हा वारसाप्रेमींकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नाही.

पण मला वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवरून भांडतायत. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागा, माटुंग्याचे चौक या सगळ्या भागाची श्रीमंती इमारतींत फारशी नव्हतीच. चार-दोन अपवाद सोडले, तर त्या मध्यमवर्गीयांनी बेताच्या पैशांत बांधलेल्या नेटक्या, साध्या इमारती आहेत. श्रीमंती आहे ती दोन इमारतींच्या मधल्या जागेत, नियमांच्या भाषेत सामासिक अंतरात. ती जागा आपोआप सुटलेली नाही. ती सक्तीने सोडायला लावली होती, आणि त्या सक्तीमागे हजारोंचे मृत्यू होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे रोगी सापडले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतून लोकांचे लोंढे गावाकडे गेले, गिरण्या ओस पडल्या, व्यापार बसला. सरकार हललं ते बऱ्याच अंशी या व्यापाराच्या धास्तीने, हे मान्य करायला हवं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पिसू आणि उंदीर यांचा प्लेगशी असलेला संबंध तेव्हा अजून सर्वमान्य झाला नव्हता. कोंदट हवा, अंधार आणि दाटी यांतून रोग होतो ही समजूत पक्की होती. निदान अर्धवट, पण उपाय मात्र उपयोगाचा निघाला: दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, आणि शहराच्या उत्तरेला नवी, मोकळी वस्ती वसवायची. योगायोग असा की त्याच १८९८ साली इंग्लंडमध्ये एबनेझर हॉवर्ड यांनी उद्याननगरीची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. तिकडे धुरकट औद्योगिक शहरांना कंटाळून बाग हवी होती, इकडे प्लेगला घाबरून हवा हवी होती.

दादर, माटुंगा, वडाळा, शीव ही तेव्हा गावं होती. भातशेती, नारळाच्या वाड्या, पावसात पाण्याखाली जाणारी खाजणं. ट्रस्टने ही जमीन संपादित केली, सखल भाग भरून घेतला, मलवाहिन्या टाकल्या, रस्ते आखले आणि मग प्लॉट पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. यातला क्रम बघा. आधी गटार, मग रस्ता, मग झाड आणि शेवटी घर. आज आपल्याकडे टॉवर आधी उभा राहतो आणि रस्ता, पाणी, गटार त्याच्यामागे दहा वर्षं धापा टाकत येतात. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

या वस्तीचा खरा शिल्पकार कोण, असं विचारलं तर मी एका कोनाचं नाव घेईन: साडेत्रेसष्ट अंश. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर या कोनाच्या अक्षरशः मागे लागले होते. १९१० च्या दशकात त्यांनी व्याख्यानं दिली, आकृत्या काढून दाखवल्या. नियम सोपा होता. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांत एक तिरपी रेषा काढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकं काढता कामा नये. भूमिती आठवत असेल तर गणित लगेच सुटतं: समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. दहा मीटरच्या भिंतीसमोर पाच मीटर. एवढं सोडलं की तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही. ऑर यांच्या डोक्यात झाडं नव्हती, उजेड आणि वारा होता. पण पाच मीटर जागा मोकळी ठेवली की तिथे आंबा येतो, नारळ येतो, सोनचाफा येतो. दादर-माटुंग्याच्या हिरवाईतला निम्मा वाटा या नियमाने नकळत उरवलेल्या मातीचा आहे.

उरलेला निम्मा वाटा जाणूनबुजून लावलेल्या झाडांचा. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टचे अभियंते. मध्यमवर्गीय आणि त्याहून खालच्या उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट राखून ठेवायला त्यांनी ट्रस्टला राजी केलं. तीच दादरची पारशी कॉलनी. इमारत तळमजला अधिक दोन मजल्यांपेक्षा उंच नको, असं ठरलं. कोणत्या रस्त्यावर कोणतं झाड, हेही त्यांनी आराखड्यात धरलं होतं. फिरदौसी रोडची महोगनी ही त्या आखणीची खूण. रस्त्यागणिक एकच जात लावल्याने एकेका रस्त्याला स्वतःचा चेहरा मिळाला, पानगळीचा आणि पालवीचा स्वतःचा हंगाम मिळाला. नगररचनेच्या नकाशात झाडाच्या जातीचा विचार करणारा हा माणूस मला पुतळ्यातल्या अनेकांपेक्षा मोठा वाटतो. मुंबईतल्या इतर पारशी वसाहतींना भिंत असते, फाटक असतं, पहारेकरी असतो. इथे ते काही नाही. माटुंग्याचा कॉलेजकुमार, वडाळ्याहून चालायला आलेले आजोबा, शिकवणीच्या मधल्या वेळात वडापाव खाणारी पोरं, सगळी इथल्या बागेत बसतात.

लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बशी याची तुलना नेहमी होते, आणि ती काही अंशी योग्यही आहे. हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी १९०७ मध्ये ते उपनगर उभं केलं. त्यासाठी आदल्या वर्षी पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला. रेमंड अन्विन यांनी आखणी केली. एकरी सरासरी आठच घरं, घरांच्या मध्ये भिंतीऐवजी कुंपणाची झुडपं, आणि श्रीमंत-गरीब शेजारी राहावेत ही इच्छा. आज ते लंडनच्या महागड्या भागांपैकी एक आहे. गरिबाने तिथे राहायचं हे बार्नेटबाईंचं स्वप्न केव्हाच बाजाराने गिळलं. मात्र एक गोष्ट टिकली. तिथल्या ट्रस्टची संमती घेतल्याशिवाय आजही घरमालकाला पुढची झुडपं उपटून तिथे गाडी उभी करता येत नाही. घर तुमचं, पण घरापुढच्या हिरव्या पट्ट्यावर सगळ्या वस्तीचा शब्द चालतो.

पण मुंबईचं उपनगर हॅम्पस्टेडची नक्कल नाही, आणि माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे. हॅम्पस्टेडमध्ये घरं आहेत, दादर-माटुंग्यात फ्लॅट. एकेका प्लॉटवर तीन मजले, मजल्यावर दोन-चार बिऱ्हाडं. एकाच जिन्यावर दहा-बारा कुटुंबांचा राबता. झाडांची वस्ती म्हणजे बंगलेवाल्यांची चैन, दाटीच्या शहराला ती परवडणार नाही, असं म्हणणाऱ्यांना हा भाग खोटं पाडतो. दाटी आणि सावली एकत्र नांदू शकतात, हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. पुण्याच्या प्रभात रोडवरचे बंगले गेले म्हणून गळा काढणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो. बंगला टिकवणं कठीण होतं, कदाचित योग्यही नव्हतं. पण बंगल्याभोवतीची माती टिकवता आली असती.

आता दुसरी बाजू. ही सावली सगळ्यांसाठी नव्हती. ज्या चाळींत प्लेग पसरला, जी घरं ट्रस्टने पाडली, तिथल्या लोकांना इथे प्लॉट मिळाले नाहीत, आणि मिळणार तरी कसे? प्लॉट घ्यायला ऐपत लागत होती. ट्रस्ट पाडतो जास्त आणि बांधतो कमी, ही टीका त्या काळातही होत होती. ज्यांची भातखाचरं गेली, त्यांना मोबदला मिळाला आणि गाव गेलं. शिवाय कॉलन्या वसल्या त्या जातीजमातीच्या गटांनी: पारशी इथे, तमिळ ब्राह्मण तिथे, मराठी पांढरपेशे पलीकडे. याच माटुंग्याच्या पश्चिमेच्या अंगाला, धारावीला लागून, लेबर कॅम्प होता. शहर झाडणारे कामगार तिथे राहायचे. अण्णा भाऊ साठेही काही काळ तिथे राहिले. त्या वस्तीच्या वाट्याला ना साडेत्रेसष्ट अंश आले, ना महोगनी.

आणि तरीही याच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ बांधलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन फार वर्षं झाली नव्हती. परळच्या चाळीतल्या खोलीत संसार केलेला माणूस ट्रस्टच्या आखीव प्लॉटवर स्वतःच्या देखरेखीखाली घर उभारतो, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर देशातल्या मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकी एक आकार घेतो. पुस्तकाला उजेड लागतो, वारा लागतो, शांतता लागते. ज्या मोकळ्या जागेवर काहींचाच हक्क मानला गेला होता, ती कोणालाही हवी अशीच गोष्ट होती, हे राजगृहासमोर उभं राहिलं की पटतं. म्हणून ‘ही उच्चवर्णीयांची हिरवळ, गेली तर गेली’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. अन्याय सावलीत नव्हता, तिच्या वाटपात होता. वाटप सुधारायचं सोडून सावलीच विकून टाकली तर लेबर कॅम्पातल्या माणसाच्या हाती काय लागतं?

मग हे विकायची वेळ का आली? भाडेनियंत्रण. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत ते भाडेकरूंसाठी गरजेचं होतं, पण ते तात्पुरतं राहिलं नाही. महिना शे-दोनशे रुपये भाडं घेणारा मालक रंग कशाला लावेल? १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आला, दुरुस्ती मंडळ आलं, त्यांनी टेकू लावले. टेकूंवर आयुष्य काढलेल्या इमारतींना आज एकच वाट दिसते: असा उपकर भरणाऱ्या इमारतींसाठीची, विकास नियमावलीतल्या ३३(७) ची योजना. तीन एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट बांधकाम), भाडेकरूंना फुकट नवं घर, उरलेल्या फ्लॅटच्या विक्रीवर बिल्डरचा नफा. भाडेकरू या योजनेला हो म्हणतात यात मला काहीच गैर दिसत नाही. २०१२ मध्ये वारसा यादीत शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. वारसा म्हणून घर जपायचं, पण त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे त्या यादीत कुठेच नव्हतं. विरोध होणारच होता.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. नव्या इमारतीभोवती किती जागा सोडायची हे नियमात लिहिलेलं आहे. पण तेवढी जागा सोडता येत नसेल, तर तुटीच्या प्रमाणात प्रीमियम भरून सवलत मिळते. म्हणजे कमी सोडलेल्या उजेडाचे आणि वाऱ्याचे पैसे बिल्डर महापालिकेच्या तिजोरीत भरतो, आणि ती जागा कायमची बुजते. तोटा होतो तो शेजारच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा. त्यांच्या स्वयंपाकघरात आता सकाळी अकरालाही ट्यूबलाइट लागते. प्रीमियममधला छदाम त्यांना मिळत नाही, आणि त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. प्लेगच्या भीतीने जी मोकळी जागा कायद्याने निर्माण केली, ती आता महापालिका चौरस मीटरच्या दराने विकते आहे.

उरते ती मोकळी जागाही नावापुरतीच. अशा एखाद्या प्लॉटवर आत शिरून बघा. जिथे कंपाउंडच्या कडेने नारळ आणि कढीपत्ता होता, तिथे गाड्यांचा रॅम्प आहे. त्याच्यावर चार-पाच मजल्यांचा पार्किंग पोडियम, बाहेरून जाळी मारलेला. पोडियमच्या छतावर ‘लँडस्केप गार्डन’, दीड-दोन हात माती, त्यात पाम आणि हिरवळीचा गालिचा. खाली रस्त्यालगत एक जुना पर्जन्यवृक्ष ‘वाचवलेला’ असतो. त्याच्या बुंध्याभोवती ग्रॅनाइटचा गोल कट्टा, आणि हातभर अंतरावर तळघरासाठी खणलेली भिंत. एका बाजूची मुळं तोडलेलं झाड तीन-चार पावसाळे तग धरतं. मग एका जुलैच्या रात्री ते उभ्या गाडीवर कोसळतं, आणि दुसऱ्या दिवशी झाडं धोकादायक कशी आहेत यावर चर्चा रंगते. झाडं तोडण्याच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. पन्नास वर्षांवरचं झाड आता ‘हेरिटेज’, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. ऐंशी वर्षांच्या महोगनीसाठी ऐंशी रोपं, कागदावर उत्तम. पण ती लावणार कुठे? ज्या गल्लीची सावली गेली त्या गल्लीत ऐंशी सोडा, आठ रोपं लावायलाही माती उरलेली नसते.

‘मग काय, पुनर्विकासच नको?’ या प्रश्नाचं उत्तर हिशेबातच आहे. समजा, तीन एफएसआय द्यायचाच आहे. प्लॉटच्या चाळीस टक्के जागेवर इमारत बसवली, तर साधारण आठ मजल्यांत तो संपतो. आठ मजले म्हणजे पंचवीस मीटरच्या आसपास उंची. ऑर यांच्या कोनाने समोर साडेबारा मीटर अंतर हवं, म्हणजे दोन शेजाऱ्यांनी आपापल्या हद्दीत सव्वासहा मीटर सोडायचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा नियम आजच्या एफएसआयलाही झेपतो. वरून फंजिबलची, म्हणजे वर मिळणाऱ्या जादा एफएसआयची, भर घातली तर दहा मजले होतील, अंतर थोडं वाढेल. अरुंद प्लॉटवर हे जमणार नाही हे खरं. तिथे दोन-तीन इमारतींनी एकत्र यावं लागेल, आणि शेजारी-शेजारी एकमत होणं काय असतं हे सोसायटीच्या सभेला बसलेल्या कोणालाही सांगायला नको. तरीही रस्ता आहे.

हे गणित बिघडवतात त्या गाड्या. पोडियम आणि तळघर माणसांसाठी नसतंच. दादर आणि माटुंगा म्हणजे मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तिन्ही रेल्वेमार्गांच्या टप्प्यातला भाग. दादर टीटी हे नावच ट्राम टर्मिनसचं आहे. ही वस्ती ट्राम आणि लोकलच्या भरवशावर वसली. इथे प्रत्येक फ्लॅटमागे दोन गाड्यांची सोय करायला सामासिक अंतर खर्ची घालणं हा मला निव्वळ आडमुठेपणा वाटतो. सवलत द्यायचीच असेल तर पार्किंगमध्ये द्या. ज्या इमारतीचं सामासिक अंतर शाबूत आणि त्याखालची जमीन न खणलेली, तिला गाड्यांची अट माफ. बिल्डरचाही खर्च वाचेल. चार मजली पोडियम काही फुकट बांधला जात नाही.

‘खासगी मालमत्तेवर किती बंधनं घालणार?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण इथे तो लागू पडत नाही, कारण यातले बरेच प्लॉट पूर्णपणे खासगी कधी नव्हतेच. जमीन लोकांकडून सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतली, सार्वजनिक पैशाने भरली, आणि भाडेपट्ट्याने दिली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, आणि त्याच्या जमिनींची मालकी महापालिकेकडे आली. म्हणजे महापालिका तिथे नुसती परवानगी देणारी नाही, जमीनमालकही आहे. हॅम्पस्टेडच्या ट्रस्टला जे साधलं, ते साधण्याचं हत्यार तिच्या कपाटात धूळ खात पडलंय. भाडेपट्ट्याचं नूतनीकरण किंवा हस्तांतर होताना, पुनर्विकासासाठी मालक म्हणून ना-हरकत देताना, तिला अट घालता येईल: इमारत हवी तर नवी बांधा, पण कडेची माती माती म्हणूनच राहील, तिच्याखाली तळघर जाणार नाही आणि तिची तूट पैशाने भरून काढता येणार नाही. यासाठी नवा कायदा नको, वारसा यादी नको, कुणाच्या गॅलरीच्या नक्षीवर वाद नको.

तोवर निदान एक गोष्ट उद्यापासून करता येईल. दादर पूर्व आणि माटुंगा ज्या एफ-उत्तर विभागात येतात, तिथल्या प्रत्येक पुनर्विकासात नियमाप्रमाणे किती मोकळी जागा सोडायची होती, प्रत्यक्षात किती सोडली, कमी पडलेल्या जागेचा किती प्रीमियम घेतला आणि तो कुठे खर्च झाला, याचा प्लॉटनिहाय तक्ता महापालिकेने जाहीर करावा. ही माहिती परवानगीच्या फायलींत असतेच, ती एका जागी मांडायला महिनाभराहून जास्त वेळ लागू नये.